मदत हवी आहे: स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या वडिलांची गुडघ्याची शस्त्रक्रिया

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६७ असून तीन आठवड्यांनी त्यांच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायचा आहे. पूर्वतपासणीच्या वेळी भूलतज्ज्ञांनी गुडघ्याआधी घोरण्याची चौकशी केली, टेपने मान मोजली (४३ सेंटिमीटर भरली) आणि झोपेची चाचणी करून आणायला सांगितले. तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो, असे त्यात निघाले. हाच स्लीप अ‍ॅप्निया, आणि ३० च्या पुढे तो तीव्र धरतात. आईला याचे नवल वाटले नाही. घोरणे एकदम थांबले की ती अंधारात आकडे मोजत पडून राहते आणि वीस-बाविसावर बाबा गचका देऊन पुन्हा श्वास घेतात. आम्ही मात्र ‘बाबांचे इंजिन’ म्हणून इतकी वर्षे हसत होतो.

आता सीपॅप यंत्र (मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा ठेवणारे) घरी आले आहे. ते रोज रात्री लावून झोपावे आणि दाखल होताना सोबत आणावे, एवढीच सूचना मिळाली. परंतु मिशीमुळे मास्कच्या कडेने निसटलेली हवा डोळ्यांत जाते, त्यामुळे रात्री दोननंतर मास्क उशाखाली सापडतो. मिशी काढण्याचा विषय मी काढणार नाही.

अर्ध्या रात्रीच्या वापराचा काही उपयोग होतो का? पूर्ण भूल घ्यावी की कमरेत इंजेक्शन? आणि तीव्र वेदनाशामकांनी श्वास मंदावतो म्हणतात, तर दुसऱ्या दिवसापासून व्यायाम करायचा कसा?

प्रतिसाद:

मी भूलतज्ज्ञ आहे. अंतिम निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा. अर्धी रात्रही वाया जात नाही. नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क मिशीवाल्यांना बहुधा सोसतो, तो विक्रेत्याकडे घालून पाहा, आणि संध्याकाळी टीव्ही पाहताना तासभर लावून सवय करा. शक्य असेल तेथे आम्ही कमरेतली भूल पसंत करतो, मात्र तिच्यासोबत गाढ झोपेचे औषध दिले तर श्वासाचा धोका पुन्हा उभा राहतो. म्हणून हातोडीचे आवाज कानावर येतील, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. वेदनेसाठी मांडीतल्या नसेचा ब्लॉक (म्हणजे ती नस बधिर करणारे इंजेक्शन), पॅरासिटामॉल आणि मूत्रपिंडे ठीक असल्यास सूज उतरवणारे औषध, यांवर बराचसा भार टाकता येतो. मग मॉर्फिनच्या जातीची औषधे अगदी थोडी लागतात. झोपेची गोळी घरून घेऊन येऊ नये.

नातेवाईक फसतात ते ऑक्सिमीटरच्या आकड्याला. नळीतून ऑक्सिजन चालू असला की श्वास अडखळत असतानाही आकडा बराच वेळ चांगला दिसतो, म्हणून छातीची हालचालही पाहावी लागते आणि पहिली रात्र साध्या खोलीऐवजी देखरेखीच्या कक्षात ठेवावे, असा आग्रह तुम्ही आत्ताच धरा. पुढच्या दोन-तीन रात्रीही जपाव्या लागतात, कारण शस्त्रक्रियेनंतर हरपलेली स्वप्नांची झोप तेव्हा भरून निघते आणि त्या झोपेत घसा अधिक सैलावतो. उताणे झोपावे लागले तर पलंगाचे डोके साधारण ३० अंश उचलून ठेवा.

आणखी एक: पलंगाजवळ प्लग आहे का, हे दाखल होण्याआधी विचारा. आमच्याकडे निम्म्या वेळा यंत्र येते आणि एक्स्टेन्शन बोर्ड घरी राहतो.