‘विंडोज विरुद्ध लिनक्स’ या वादावर ज्ञानकोशात लेख असावा का?

मसुदा_पान

मराठी विकिपीडियासाठी ‘विंडोज विरुद्ध लिनक्स’ हा लेख तयार केला आहे. साधारण अठराशे शब्द. त्यात चौदा ओळींचा तुलनातक्ता (किंमत, सुरक्षा, बाजारहिस्सा, गेम्स, सर्व्हर वगैरे), त्याखाली ‘समर्थकांचे म्हणणे’ आणि ‘विरोधकांचे म्हणणे’ असे दोन विभाग. पानावर पानकाढा साचा (पान वगळावे अशी सूचना) लागला आहे. कारण असे दिले आहे: ‘हा गप्पांचा विषय आहे, ज्ञानकोशाचा नाही.’ चर्चापानावर दुसरी बाजू म्हणते की तीस वर्षे जगभर चाललेला वाद उल्लेखनीय नसेल तर मग काय उल्लेखनीय? इंग्रजी विकिपीडियावर टॅनेनबाम (मिनिक्सचे कर्ते) आणि टोरवाल्ड्स (लिनक्सचा कर्ता) यांच्या वादावर स्वतंत्र लेख आहे, व्हीआय आणि ईमॅक्स या दोन मजकूर-संपादकांच्या भांडणावरही आहे.

निकष नेमका कोणता लावायचा? आणि लेख टिकणार नसेल तर त्यातला मजकूर कुठे न्यायचा?

तळटीप_आधी

साचा लावणाऱ्याचे कारण लंगडे आहे आणि बाजू घेणाऱ्याचेही. वाद आहे म्हणून विषय बाद होत नाही, आणि वाद गाजला म्हणून आपोआप आतही येत नाही. बघायचे एवढेच की, वादात नसलेल्या कोणी या *वादाविषयी* तपशिलाने लिहिले आहे का? विंडोजवर पुस्तके ढिगाने आहेत, लिनक्सवरही आहेत. ती इथे मोजायची नाहीत.

टॅनेनबाम–टोरवाल्ड्स प्रकरणाला ही कसोटी लावून बघा. २९ जानेवारी १९९२ रोजी ॲमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी युजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावरच्या, त्यांच्याच मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमसाठीच्या कॉम्प.ओएस.मिनिक्स गटात ‘लिनक्स कालबाह्य आहे’ अशा मथळ्याची नोंद टाकली. मुद्दे दोन होते. फाइल सिस्टीम, ड्रायव्हर, मेमरी हे सगळे एकाच मोठ्या कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) कोंबणे म्हणजे मागे जाणे, हा पहिला. लिनक्स इंटेलच्या ३८६ चिपला जखडलेले आहे, हा दुसरा. बावीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने तापून उत्तर दिले आणि नंतर भाषेबद्दल माफीही मागितली. त्याचा तांत्रिक मुद्दा मात्र खरा होता: मिनिक्सची फाइल सिस्टीम एका वेळी एकच काम हातात घेई, त्यामुळे एक प्रोसेस फ्लॉपीची वाट बघत बसली की बाकीच्याही ताटकळत. युनिक्सच्या जनकांपैकी केन थॉम्प्सन यांनीही त्या चर्चेत लिहिले. म्हणजे तारीख आहे, पक्ष आहेत, मुद्दा नेमका आहे.

आता संदर्भ तराजूत टाका. युजनेटवरच्या मूळ नोंदी प्राथमिक साधन: कोण काय म्हणाले हे उद्धृत करायला उत्तम, उल्लेखनीयता सिद्ध करायला शून्य. ‘ओपन सोर्सेस’ या १९९९च्या पुस्तकात ही चर्चा परिशिष्ट म्हणून छापली आहे, पण त्याच पुस्तकात टोरवाल्ड्सचे स्वतःचे प्रकरण आहे, म्हणून त्याला पूर्ण स्वतंत्र म्हणता येत नाही. टॅनेनबाम यांचे संकेतस्थळ आणि पाठ्यपुस्तके ही तर एका पक्षाचीच. ग्लिन मूडी या पत्रकाराचे २००१चे ‘रेबेल कोड’ बाहेरचे आहे, ते मोजायचे. त्यात २००४ची भर घाला: लिनक्स हे मिनिक्सवरून उचलले असा आरोप केन ब्राउन यांनी केला आणि तो खोडून काढायला खुद्द टॅनेनबामच पुढे आले. वर्तमानपत्री दखल तेव्हाही घेतली गेली. एवढ्यावर तो लेख उभा राहतो.

तुमच्या मसुद्यात इथेच घोडे पेंड खाते. ‘विंडोज विरुद्ध लिनक्स’ला ना तारीख, ना ठरलेले पक्ष, ना एक मुद्दा. एक संदर्भ खर्चाबद्दल, दुसरा खटल्याबद्दल, तिसरा व्हायरसबद्दल. ते एकत्र शिवून जो ‘वाद’ तयार झाला आहे तो कोणत्याही संदर्भात नाही, तो लेखकाने घडवला आहे. याला आपण मूळ संशोधन म्हणतो, आणि प्रत्येक वाक्याला तळटीप असली तरी ते मूळ संशोधनच राहते.

इंग्रजीत लेख आहे हा आधार नाही. तिथली संदर्भयादी मात्र उपयोगी असते. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून वाचा आणि मगच घ्या.

चार_प्रोसेसर

निकष मान्य, पण ‘समर्थक–विरोधक’ विभागातला सगळा मजकूर टाकून द्यायच्या लायकीचा नाही. त्यात माइंडक्राफ्ट चाचणीवर (विंडोज एनटी ही मायक्रोसॉफ्टची सर्व्हरसाठीची प्रणाली आणि लिनक्स यांच्या वेगाची तुलना) दोन ओळी आहेत. त्या दोन ओळींत खरा ऐवज आहे आणि तोच सगळ्यात वाईट लिहिला आहे.

मसुद्यातले वाक्य असे: ‘लिनक्सपेक्षा विंडोज एनटी ३.७ पट वेगवान असल्याचे १९९९मध्ये सिद्ध झाले. समर्थकांच्या मते ही चाचणी विकत घेतलेली होती.’ दोन्ही अर्धी वाक्ये चुकीची आहेत. ३.७ पट हा आकडा फक्त वेब सर्व्हरचा; फाइल सर्व्हरचा २.५ पट होता. यंत्र होते चार प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डांचा डेल सर्व्हर. खर्च मायक्रोसॉफ्टने केला, हे वाक्यात यायलाच हवे, पण तिथे थांबून चालत नाही. लिनक्स नीट लावलेच नव्हते असा आक्षेप आला, म्हणून त्याच वर्षी लिनक्सच्या बाजूची माणसे बोलावून फेरचाचणी झाली आणि तेव्हाही एनटी पुढेच राहिले.

का, ते महत्त्वाचे. लिनक्स कर्नलच्या तेव्हाच्या २.२ आवृत्तीत नेटवर्कचे जवळपास सगळे काम एकाच कुलपाआड चाले. चार प्रोसेसर असले तरी एक आत, तीन दाराशी. शिवाय एक जोडणी आली की वाट बघणाऱ्या ॲपाची या वेब सर्व्हरच्या अनेक प्रोसेस एकदम जाग्या होत, एकीलाच काम मिळे आणि बाकीच्या पुन्हा झोपत. त्या उठाठेवीत वेळ जाई. एका प्रोसेसरच्या साध्या सर्व्हरवर हे जाणवत नव्हते. जानेवारी २००१मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीत नेटवर्कचा भाग अनेक प्रोसेसरांवर समांतर चालेल असा केला गेला.

ज्ञानकोशात लिहावे ते असे: ‘मायक्रोसॉफ्टच्या खर्चाने झालेल्या चाचणीत चार प्रोसेसरांच्या सर्व्हरवर एनटी ४.० पुढे राहिले. फेरचाचणीतही तसेच आढळले. त्यातून उघड झालेल्या नेटवर्कमधील त्रुटी पुढे २.४ आवृत्तीत दूर झाल्या.’ आणि हे ‘लिनक्स कर्नल’ लेखाच्या इतिहासात जावे. विशेषणाची गरजच उरत नाही.

एका बाबतीत ‘तळटीप_आधी’ यांच्याशी माझे जमत नाही. ‘ऑपरेटिंग सिस्टीममधील स्पर्धा’ असा इतिहासलेख मला शक्य वाटतो. ॲपलने १९८८मध्ये मायक्रोसॉफ्टवर खिडक्या-चिन्हांच्या रूपावरून केलेला दावा, अमेरिकी सरकारचा १९९८चा मक्तेदारीचा खटला, एससीओ या कंपनीने लिनक्सवरून २००३मध्ये आयबीएमवर केलेला दावा यांवर न्यायालयीन निकाल आणि अभ्यासकांचे लेखन भरपूर आहे.

तळटीप_आधी

स्पर्धेवर लेख होईल, हरकत नाही. त्याची चौकट मात्र अभ्यासकाने आखलेली हवी. हे खटले एकाच कथेत बसवणारे, स्पर्धेचा सलग इतिहास सांगणारे निदान दोन स्वतंत्र ग्रंथ हाती आल्याशिवाय पान उघडू नये. नाहीतर नाव बदलून तोच मसुदा परत येतो.

हर_छेद

तक्त्याबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते. चौदापैकी नऊ ओळींत ‘उत्तम’, ‘मध्यम’, ‘कमी’ असे शेरे आहेत. ते प्रगतिपुस्तक झाले, ते सरळ काढा.

बाजारहिस्स्याची ओळ बघा. विंडोज ९५ टक्के असे लिहिले आहे आणि संदर्भ अमेरिकी न्यायाधीश जॅक्सन यांच्या नोव्हेंबर १९९९च्या निष्कर्षांचा. आकडा तिथे आहे, पण तो ‘इंटेलशी सुसंगत पीसींच्या ऑपरेटिंग सिस्टीम’ या बाजाराचा. त्यावेळची ॲपलची यंत्रे त्या छेदात धरलेलीच नाहीत. त्याच ओळीत लिनक्सपुढे १०० टक्के लिहिले आहे, ते टॉप५०० महासंगणकांच्या यादीचे; नोव्हेंबर २०१७पासून त्या यादीतली सगळी यंत्रे लिनक्सवर चालतात, हेही खरे. दोन खरे आकडे शेजारी ठेवले की खोटी ओळ तयार होते, कारण छेद वेगळे आहेत. स्टॅटकाउंटर या वेब-मोजणी सेवेचे आकडे वापरायचे तर ते यंत्रे मोजत नाहीत, पानांच्या भेटी मोजतात, हे सोबत लिहा. कशातले टक्के, कोणत्या महिन्याचे आणि कोणी मोजले, ही तिन्ही उत्तरे नसतील तर आकडा घेऊ नका.

लिनक्सपुढचे ‘किंमत: मोफत’ हेही ढोबळ आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सला वर्गणी पडते. ‘गेम्स: चालत नाहीत’ हे २०१८मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारे साधन) आणल्यावर शिळे झाले. आणि मराठी वाचकाला जी ओळ खरोखर लागते, देवनागरी टंकनाची, तीच तक्त्यात नाही. इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हींत मिळतो. तो सुरू कसा करायचा हे ‘देवनागरी टंकन’ लेखात घाला, तिथे ते शोधले जाते.

मसुदा_पान

तक्ता काढतो. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेचा परिच्छेद मात्र ठेवावासा वाटतो. तोही घडवलेला वाद ठरेल का?

तळटीप_आधी

नाही, तो तुमच्या मसुद्यातला सगळ्यात भक्कम भाग आहे, आणि म्हणूनच तो वेगळा काढा. मे २००३मध्ये नगरपरिषदेने लिनक्सकडे जायचा ठराव केला. त्याआधी मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर महापौर क्रिस्टियान उडे यांना स्वतः येऊन भेटले होते. सुमारे १५,००० संगणक, लिमक्स नावाचे स्वतःचे लिनक्स वितरण (तयार संच), कार्यालयीन पत्रांच्या साच्यांसाठी वोलमक्स. स्थलांतर २०१३मध्ये पुरे झाले आणि २०१७मध्ये परिषदेने पुन्हा विंडोजकडे वळायचे ठरवले. ठराव, तारखा, बातम्या, सगळे आहे. ‘लिमक्स’ नावाने स्वतंत्र लेख करा. खर्चाच्या आकड्यांत जपा: शहराचा आकडा शहराच्या नावावर आणि मायक्रोसॉफ्टसाठी झालेल्या अभ्यासाचा आकडा त्या अभ्यासाच्या नावावर टाका. त्यांची सरासरी काढू नका, वजाबाकीही करू नका.

हर_छेद

मजकूर हलवताना एक चूक नेहमी होते: आधी कापून नवीन पानावर चिकटवायचे आणि मग जुने पान उडवायचे. त्या मसुद्याच्या इतिहासात आणखी तीन सदस्यांची संपादने दिसतात. विकिपीडियाच्या सीसी बाय-एसए परवान्यानुसार त्यांचे श्रेय जपावे लागते आणि ते श्रेय पानाच्या इतिहासातच असते. पान उडाले की श्रेयही गेले.

तेव्हा पानकाढा साच्याऐवजी चर्चापानावर विलीनीकरणाचा प्रस्ताव ठेवा आणि आठवडाभर थांबा. मग म्युनिकचा परिच्छेद ‘लिमक्स’मध्ये आणि माइंडक्राफ्टचा ‘लिनक्स कर्नल’मध्ये न्या, प्रत्येक वेळी संपादन सारांशात ‘विंडोज विरुद्ध लिनक्स या पानावरून, इतिहास तिथे पाहावा’ असे दुव्यासह लिहा. रिकाम्या झालेल्या पानाचे पुनर्निर्देशन ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुख्य लेखाकडे करा. त्या लेखाचे शीर्षक ‘संचालन प्रणाली’ असावे की ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ यावर कौल घ्यायचा तर तो वेगळा घ्या, याच्यात मिसळू नका. साचा प्रचालकांनी तपासायच्या आत प्रस्ताव टाका, नाहीतर हलवायला इतिहासच उरणार नाही.