थोडे पैसे हातात देऊन बघा

ताई, यजमानांनी दारू सोडून काही महिने झाले तरी घरात कुणी त्यांच्या हाती पैसे देत नाही, म्हणून ते खचलेत, असं तुम्ही लिहिलंत. माझ्या धाकट्या भावाचंही हेच झालं होतं. एकदा आईनेच त्याला पैसे देऊन किराणा आणायला पाठवलं. कुणी न मागता त्याने पावती आणि सुट्टे ओट्यावर मोजून ठेवले. तिथून त्याला उभारी आली. एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटाच्या, सभा मात्र चुकवू देऊ नका. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन व्यसनी माणसांनीच एकमेकांना सावरत ही चळवळ उभी केली; फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. आणि तुमचंही मन शिणलंय, तेव्हा स्वतःसाठी अल-अनॉनची, म्हणजे दारूड्यांच्या घरच्यांसाठीच्या गटाची, सभा किंवा पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा पत्नींसाठीचा 'सहचरी' गट जरूर बघा.