मदत हवी आहे: स्पिनिफेरायटिस की अकोमोस्फेरा?
मंडळी, कावेरी खोऱ्यातल्या क्रिटेशस काळातल्या शेलच्या स्लाइडवर डायनोफ्लॅजेलेटच्या (पाण्यातल्या सूक्ष्म एकपेशीय जीवांच्या) एका सिस्टवर, म्हणजे जीवाश्म झालेल्या टिकाऊ कवचावर, गाडी अडली आहे. जाती पुढची गोष्ट, वंशच ठरत नाहीये.

सिस्ट गोलसर. काट्यांना टोकाशी तीन फाटे, फाट्यांची टोकंही पुन्हा दुभंगलेली. आर्किओपाइल (पेशी बाहेर पडायचं भोक) पाठीकडच्या, कंबरपट्ट्याच्या वरच्या एकाच पट्टिकेचं, त्यामुळे गोनियालॅकॉइड गटातली, यात शंका नाही. पेच काट्यांच्या बुडाशी आहे. बुडं जोडणाऱ्या कडा असल्या तर स्पिनिफेरायटिस, नसल्या तर अकोमोस्फेरा. इथे फोकस खालीवर केला की दोन-तीन काट्यांमध्ये पुसटशी कड दिसते, बाकी भिंत सपाट!

माझा कल स्पिनिफेरायटिसकडे आहे. पण एवढी अर्धवट कड ग्राह्य धरता का? की स्लाइड तयार करतानाचं ऑक्सिडेशन जास्त झाल्यानेही कडा अशा पुसट होतात? ज्यांनी हे दोन्ही वंश हाताळलेत त्यांनी कृपया सांगावं.