पाढे पाठ नसतील तर तोंडी गणित जमेल का?

चौथीची बाई: ४७ गुणिले ६ तोंडी करून बघा. सात सक बेचाळीस, दोन लक्षात ठेवा, हातचे चार, चार सक चोवीस, त्यात ते चार. हे सगळं मुलाला एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. हे धरणं म्हणजेच वर्किंग मेमरी. ती मोठ्यांचीसुद्धा जेमतेम तीन-चार गोष्टींची असते, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं. मुलांची त्याहून कमी. सात सक किती हे बोटांवर मोजत बसलं की हातचे विसरतात. म्हणून पाढे पाठ हवेतच. 'घोकंपट्टी नको' म्हणत आपण मुलांचं नुकसान करतोय.

सातवीतल्या मुलीचा बाबा: बाई, अजिबात पटलं नाही. माझ्या मुलीला पाढे पाठ आहेत, पण सात सक विचारलं की ती सात एकेपासून सुरू करते. मग डोक्यातली जागा कुठे वाचली? वर घड्याळ लावून पाढे म्हणायला लावायचे! ॲशक्राफ्ट आणि कर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काही अक्षरं लक्षात ठेवून बेरजा करायच्या होत्या. गणिताची धास्ती असलेले हातच्याच्या बेरजांना जास्त चुकले. भीतीसुद्धा तीच जागा खाते.

एक आई: मग स्मरणशक्ती वाढवणारे क्लास का लावू नयेत? मूळ दुखणंच जाईल.

चौथीची बाई: ताई, पैसे वाया जातील. मेल्बी-लर्व्हॉग आणि ह्यूम या संशोधकांनी २०१३ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र तपासले. ज्या खेळाचा सराव केला त्यात मुलं सुधारली, पण अंकगणितात फरक दिसला नाही.
बाबा, घड्याळाला माझाही विरोध आहे. पाढा उलटसुलट विचारावा, हातचा कागदावर लिहू द्यावा. पण पाठ हवाच.

सातवीतल्या मुलीचा बाबा: सात पंचे पस्तीस आणि वर सात, असं समजून काढलं तर काय बिघडलं? समजलेलं विसरत नाही.

चौथीची बाई: दुसरीत अगदी असंच शिकवावं, मीही शिकवते. पण चौथीत पस्तीस अधिक सात करेपर्यंत ४७ मधला ४ निसटतो. ज्या मुलांची वर्किंग मेमरी मुळात कमी, त्यांचा आधी निसटतो, आणि आपण त्यांना 'गणितात कच्चा' म्हणून मोकळे होतो.