मातीचे खिळे आणि गुटेनबर्गचं श्रेय

पिंपळपान (धागा काढणारा)
"छपाईचा शोध कोणी लावला? जर्मनीचा गुटेनबर्ग." एका वाक्यात उत्तर, एक गुण. परवा भाचीच्या वहीत हे पुन्हा दिसलं आणि डोकं फिरलं.

चीनमध्ये बी शेंग नावाच्या माणसाने १०४०च्या दशकातच सुटे खिळे, म्हणजे छपाईसाठी एकेका अक्षराचे वेगळे ठसे, केले होते. मऊ मातीवर अक्षर कोरायचं आणि भाजायचं. लोखंडी पाट्यावर राळ, मेण नि कागदाची राख पसरायची, वर चौकट ठेवून तीत खिळे बसवायचे. पाटा शेकला की मिश्रण मऊ पडतं, मग सपाट फळीने दाबून सगळे खिळे एका पातळीत आणायचे. पाटे दोन ठेवायचे. एकावर छपाई चालू असताना दुसऱ्यावर जुळणी. शेन क्वो या विद्वान अधिकाऱ्याने हे सगळं लिहून ठेवलं, म्हणून आज कळतंय. गुटेनबर्ग आला चारशे वर्षांनी. माझ्या मते शोध बी शेंगचा, पुढची सगळी डागडुजी.

शाईचा डाग
डागडुजी? अहो, चिनी शाई काजळीची, पाण्यातली. कागद वर ठेवून मागून ब्रशने घासायचं. शाई आरपार उतरते, म्हणून छपाई एकाच बाजूला. गुटेनबर्गने धातूला धरून राहील अशी तेलकट शाई वापरली, शिसं-कथील-अँटिमनीचे खिळे ओतले आणि दाबाला स्क्रूचा प्रेस लावला. प्रत्येक गोष्ट वेगळी. बी शेंगचं त्याच्यापर्यंत काही पोचलं असल्याचा पुरावाही नाही. आणि मुख्य म्हणजे चीनमध्ये तो शोध तसाच पडून राहिला.

पिंपळपान
पडून कुठे राहिला? चीनमधलाच अधिकारी वांग झेन, १२९८. बी शेंगने लाकूड नाकारलं होतं, कारण ओल धरून ते फुगतं आणि राळेला चिकटून बसतं. वांग झेनने राळच काढून टाकली, लाकडी खिळे बांबूच्या पट्ट्यांनी आवळले. खिळे गोल फिरत्या टेबलांवर लावले, म्हणजे माणूस एका जागी बसून टेबल फिरवणार. साठ हजारांवर अक्षरांचा एका जिल्ह्याचा वृत्तांत, त्याच्या शंभर प्रती महिन्याच्या आत! याला पडून राहणं म्हणतात?

काठावरचा
दोघेही लाकडी ठशांना विसरताय, म्हणजे अख्खं पान एकाच लाकडी पाटीवर कोरायचं. ८६८ साली छापलेलं 'वज्रसूत्र' हे बौद्ध सूत्र आजही लंडनला आहे, अख्खं ठशांवर छापलेलं. एकदा पाटी कोरली की ती ठेवून द्यायची, लागतील तेव्हा पन्नास प्रती काढायच्या. खिळ्यांचं तसं नाही. एक पान मोडल्याशिवाय दुसरं जुळवता येत नाही, म्हणून सगळ्या प्रती आधीच छापायच्या आणि कागदात पैसा अडकवायचा. वर अक्षरं हजारोंनी. खुद्द शेन क्वो म्हणतो, दोन-तीन प्रतींसाठी ही पद्धत सोपी नाही. शेकड्यांनी-हजारांनी छापायचं असेल तरच तिचा वेग अफाट. चिनी छापखानेवाले मागासलेले नव्हते, हिशेबी होते.

शाईचा डाग
हिशेबाचं पटलं. 'पडून राहिला' हे शब्द मागे घेतो. पण मग माझाच मुद्दा पक्का होतो ना? सव्वीस अक्षरांच्या लिपीत जे परवडलं, ते तिथे परवडलं नाही. हिशेब जमवून दाखवणारा तो शोधक. (कोरियात १३७७ साली धातूच्या खिळ्यांवर पुस्तक छापलं होतं, हे मीच सांगून टाकतो, नाहीतर पिंपळपान सांगणारच.)

कागदवेडी
सगळे खिळ्यांवर भांडताय, कागदाकडे कोणी बघेल का? गुटेनबर्गच्या बायबलच्या बहुतेक प्रती कागदावर आहेत आणि तो कागद इटलीतून आलेला. कागद मूळचा चीनचाच. इ.स. १०५ मध्ये त्साय लुनने साली, ताग, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी कुटून केलेला कागद बादशहाला दाखवला. कागद त्याच्याही आधी होता, त्याने तो स्वस्त आणि सुबक केला. म्हणजे पहिला सुधारक चिनीच! पुढे समरकंद, बगदाद करत ही विद्या इटलीत पोचली. तिथे फाब्रियानोत पाणचक्कीवर लगदा कुटू लागले आणि कागदाला जनावरांच्या सरसाची खळ देऊ लागले, कारण लिहायचं पिसाने. चिनी कागद कुंचल्यासाठी होता, मऊ आणि पातळ. स्क्रूच्या दाबाखाली दोन्ही बाजूंनी छापायला तो कितपत टिकला असता? श्रेयाचे तुकडे करायचेच असतील तर फाब्रियानोच्या कागदकऱ्यांनाही एक द्या.

जुना खिळा
उशिरा आलो. माझे वडील सातारा भागातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे, मीही सुट्टीत हात काळे केलेत. सव्वीस अक्षरांवरून आठवलं. देवनागरीच्या केसला, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीला, शेकडो घरं असायची. काना वेगळा, रफार वेगळा, जोडाक्षरं वेगळी. त्यामुळे फिरत्या टेबलाची गंमत मला लगेच कळली, आम्ही तर उभे राहून पळायचो.

शेन क्वोच्या वर्णनातली एक गोष्ट कोणीच घेतली नाही. नेहमीच्या अक्षरांचे वीस-वीस खिळे असत. क्वचित लागणारं अक्षर नसेल, तर बी शेंग ते तिथल्या तिथे मातीत कोरून गवताच्या जाळावर भाजून घ्यायचा. आमच्याकडे लग्नसराईत 'श्री' संपला, की वडील मुंबईच्या खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीला पत्र टाकायचे आणि पत्रिका आठ दिवस अडून राहायच्या.