फान द फेल्डची जहाजं: सामान आणि मेहनत कोणाची?

शिडाची_दोरी: अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये सतराव्या शतकातल्या डच चित्रकार थोरल्या व्हिलेम फान द फेल्डचं तेरहेइडच्या लढाईचं (डच-इंग्रज आरमारांच्या) चित्र पाहिलं. दोरखंड केसाएवढे बारीक, रंग जवळजवळ नाहीच. याला तैलचित्र म्हणायचं की शाईचं? आणि सामान तयार कोण करायचं?

कारखाना_काका: शाईचंच, पण खाली थर सफेद्याचा, म्हणजे शिशापासून केलेल्या पांढऱ्या रंगाचा. तो गुळगुळीत करून वाळवायचा आणि वर टाकाने रेघ न् रेघ ओढायची. 1653 च्या त्या लढाईत हा चित्रकार गडी स्वतः छोट्या गलबतातून हजर होता. चित्रात रेखाटनं करत बसलेला दिसतो बघा.

मी रंगाच्या कारखान्यात नोकरी केली, त्यामुळे माझी नजर आधी त्या पांढऱ्यावर जाते. मडक्याच्या तळाशी व्हिनेगर, वर शिशाच्या पत्र्याच्या गुंडाळ्या, आणि अशी मडकीच्या मडकी घोड्याच्या लिदीत पुरायची. लिदीची ऊब, तिच्यातून सुटणारा वायू आणि व्हिनेगरची वाफ, एवढ्यावर शिशाला पांढरी खपली धरते. मग ती खरवडा, दळा. ही धूळ ज्यांच्या अंगात जायची त्यांना पोटशूळ उठायचा, मनगटं लुळी पडायची. संग्रहालयातल्या पाटीवर हे कोणी लिहीत नाही! हा सफेदा ज्यात कालवायचा ते तेल जवसाचं, अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या झान नदीकाठच्या पवनचक्क्यांत गाळलेलं. रंग तेलात घोटायचं काम चित्रशाळेतल्या उमेदवार पोरांकडे. आपला पाटा-वरवंटाच म्हणा.

शिडाची_दोरी: काका, एवढी मेहनत म्हणजे अशी जहाजांची चित्रं श्रीमंतांचाच मामला?

बंदरावरची: मुळीच नाही. यान पोर्सेलिस या समुद्रचित्रकाराने 1615 मध्ये अँटवर्पला पिंपं बनवणाऱ्या एका कारागिराशी करार केला होता: 20 आठवड्यांत जहाजांची 40 चित्रं. आठवड्याला दोन! फळ्या आणि रंग त्या पिंपवाल्याचे. पुढे याच पोर्सेलिसचा करडा, ढगाळ समुद्र नावाजला गेला. पातळ रंगात झपाट्याने काम उरकायचा हात त्याला त्या ठेक्यातच बसला असावा, असं मला तरी वाटतं.

कारखाना_काका: पटतंय, ताई. फान द फेल्ड बापलेकांची कामाची वाटणीही कागदावर आहे. दोघं इंग्लंडला गेल्यावर 1674 मध्ये तिथला राजा दुसऱ्या चार्ल्सने प्रत्येकी वर्षाला 100 पौंड बांधून दिले: बापाला समुद्री लढायांच्या रेखाटनांसाठी, मुलाला त्यांवर रंगीत चित्रं करण्यासाठी. रेखाटनांचा मोठा साठा ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. लंडनला कोणी असेल तर जाऊन या.