शब्दचर्चा : गायिकेच्या मेटल अल्बमबद्दल मराठीत मत लिहिताना कोणते शब्द वापरावेत?

मूळ प्रश्न, मालवणहून

मालवणमध्ये आम्ही काही श्रोते महिन्यातून एकदा एकत्र बसून एखादा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकतो, आणि त्यानंतर प्रत्येकाने आपले मत मराठीतच लिहून द्यावे असा आमचा नेम आहे. या वेळी फिनलंडमधील 'नाइटविश' या बँडचा २००४ साली प्रसिद्ध झालेला 'वन्स' हा अल्बम निवडला होता. ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेटल या रॉक संगीताच्या प्रकारातील धारदार, खरखरीत गिटारी आणि वेगवान ड्रम, लंडनच्या वादकांचा मोठा वाद्यवृंद, समूहस्वर, आणि या सर्वांच्या पुढे तार्या तुरुनेन यांचा ऑपेराच्या तालमीत घडलेला आवाज, अशी त्याची घडण आहे. या प्रकाराला सिंफनिक मेटल म्हणतात.

आलेली मते संकलित करताना मला शब्दांची अडचण जाणवली. एका श्रोत्याने 'गायिकेचा आवाज गोड आहे' असे लिहिले, त्याच गाण्याबद्दल दुसऱ्याने 'किंचाळणे' हा शब्द वापरला आणि तिसऱ्याच्या मते हा 'खोटा आवाज' आहे. 'फीमेल-फ्रंटेड', म्हणजे मुख्य गायन स्त्री करते असा समूह, या शब्दासाठी तर 'स्त्रीप्रधान', 'गायिकाप्रणीत' आणि 'महिला मेटल' असे पर्याय आले आहेत. यांतील बरेचसे शब्द ऐकणाऱ्याची सवय सांगतात, पण आवाज कसा आहे हे वाचणाऱ्याला त्यांवरून कळत नाही, असे मला वाटते. संकलन छापण्यापूर्वी योग्य शब्द ठरवावेत अशी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

देवगडहून

ताई, आधी 'फीमेल-फ्रंटेड'बद्दल लिहितो, कारण तिथे चूक सर्वांत स्पष्ट आहे. 'स्त्रीप्रधान' हे विशेषण ज्या कथेचा किंवा चित्रपटाचा विषयच स्त्री आहे तिला लागते. या अल्बममधील गाण्यांचे विषय मृत्यू, स्वप्ने, समुद्र, निसर्ग आणि मूळ अमेरिकन लोकांचा विस्थापनाचा इतिहास असे आहेत. 'प्रणीत' म्हणजे कोणीतरी रचलेले किंवा प्रवर्तित केलेले. नाइटविशची स्थापना १९९६ साली कितेए या गावी तुओमास होलोपाइनेन या कीबोर्डवादकाने केली आणि समूहाचे बहुतेक संगीत व शब्द त्यांचेच आहेत. त्यामुळे 'गायिकाप्रणीत' म्हणणे ही केवळ भाषेची चूक उरत नाही, ती वस्तुस्थितीचीही चूक ठरते. 'महिला मेटल' हा पर्याय तर मुळीच घेऊ नये. महिला भजनी मंडळ म्हटले की सर्व सदस्य स्त्रिया असतात असे आपण गृहीत धरतो, आणि इथे 'वन्स'च्या वेळी गायिका वगळता समूहातील सर्व वादक पुरुष होते.

माझ्या मते 'मुख्य गायिका असलेला समूह' असे सरळ लिहावे. शब्द लांब आहे, पण त्यात खोटे काही नाही.

याला जोडून एक निरीक्षण. आपल्या सिंधुदुर्गात डबलबारीच्या भजनात बुवा स्वतः पेटी वाजवतात, स्वतः गातात आणि मंडळही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. म्हणून आपल्याकडचा श्रोता जो गातो त्याचेच मंडळ असे धरून चालतो आणि 'तार्याचा अल्बम' असे सहज लिहून जातो. नाइटविशमध्ये पेटीवर बसणारा एक आणि पुढे उभी राहून गाणारी दुसरी. हा फरक लक्षात घेतला नाही तर पुढचा इतिहासही नीट समजत नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये हेलसिंकी येथील कार्यक्रमानंतर समूहातील इतर सदस्यांनी जाहीर पत्राद्वारे तार्या यांना समूहातून दूर केले, २००७ चा अल्बम अनेट ओल्सन यांच्या आवाजात आला आणि २०१२ पासून फ्लोर यान्सेन गाऊ लागल्या. समूह तोच राहिला आणि आवाज दोनदा बदलला, त्यामुळे श्रोत्यांची मते आजही गायिकेच्या नावावरून विभागलेली आहेत. कोणत्या गायिकेच्या काळातील अल्बम आहे हे मतात लिहिणे आवश्यकच आहे, पण 'चा' आणि 'ची' हे प्रत्यय जपून लावावेत.

मुळात 'फीमेल-फ्रंटेड' हा शब्द युरोपातही वादाचा आहे. एके काळी तो अभिमानाने वापरला गेला आणि बेल्जियममध्ये २००३ पासून केवळ अशा समूहांसाठी महोत्सवही भरत असे. मात्र त्या शब्दाने संगीताचे काहीच वर्णन होत नाही ही तक्रार रास्त आहे. नेदरलँड्सच्या 'एपिका'मध्ये सिमोन सिमन्स यांच्या ऑपेरा पद्धतीच्या आवाजाबरोबर मार्क यान्सेन यांचा गुरगुराट असतो, तर त्याच देशातील 'विदिन टेम्प्टेशन'च्या शॅरन डेन आडेल ऑपेराच्या पद्धतीने गात नाहीत. या दोघांना एका कप्प्यात बसवणारे साम्य एवढेच की गाणारी स्त्री आहे.

रत्नागिरीहून

देवगडच्या भावांचे म्हणणे मान्य आहे. मी पेटी आणि गायन शिकवतो, म्हणून आवाजाच्या शब्दांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

'खोटा आवाज' या शब्दापासून सुरुवात करणे योग्य होईल, कारण तो सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि आपल्या परंपरेत त्याला नेमका अर्थ आहे. गळ्याच्या स्वाभाविक पट्ट्याबाहेर जाताना आवाज पातळ, पोकळ आणि आधाराविना लावला की त्याला आपण खोटा आवाज म्हणतो, आणि खुल्या आकारात गाणे हा आपल्याकडे गुण मानला जातो. ऑपेराचा सोप्रानो, म्हणजे स्त्रीचा सर्वांत उंच पट्टीतील आवाज, ऐकताना आपल्या कानाला प्रथम जाणवते ती स्वराची गोलाई आणि शब्द थोडे झाकले जाणे, आणि त्यामुळे तो खोटा वाटतो. प्रत्यक्षात त्या आवाजाला श्वासाचा पूर्ण आधार असतो आणि वरच्या स्वरांवर तो पातळ होण्याऐवजी अधिक भरतो. ध्वनिवर्धक नसताना संपूर्ण वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी ही पद्धत घडलेली आहे. तार्या यांचे शिक्षण फिनलंडच्या सिबेलियस अकादमीत आणि पुढे जर्मनीतील कार्ल्सरूए येथे झाले. अशा तालमीच्या आवाजाला 'खोटा' म्हणणे हा शब्दाचा चुकीचा उपयोग आहे. एखाद्याला ती पद्धत आवडत नसेल तर 'मला झाकलेला आवाज रुचत नाही, खुला आवाज रुचतो' असे लिहावे. हे मत पूर्णपणे योग्य आहे आणि त्यातून वाचणाऱ्याला काहीतरी कळते.

अशा आवाजासाठी मराठीत एक उत्तम शब्द आहे, तो म्हणजे 'पल्लेदार'. पल्ला म्हणजे अंतर, दूरवर पोहोचण्याची ताकद. संगीत नाटकांच्या काळात ध्वनिवर्धक नसताना जे गळे अख्खे नाट्यगृह भरून टाकत, त्यांच्यासाठी हा शब्द आपल्याकडे रुळला. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या गायनाबद्दल तो नेहमी वापरला जातो. ऑपेरा आणि संगीत नाटक या दोन्ही परंपरांपुढे प्रश्न एकच होता, की आवाज शेवटच्या माणसापर्यंत कसा न्यावा. म्हणून हा शब्द इथे उसना वाटत नाही.

आता 'किंचाळणे'. किंचाळी भीतीने किंवा वेदनेने निघते आणि तिला ठरवलेला स्वर नसतो. 'वन्स'मधील वरचे स्वर मोजून लावलेले आहेत. आपल्याकडे गायिका बहुधा पेटीच्या काळी चार किंवा काळी पाच या पट्टीच्या आसपास षड्ज, म्हणजे सा, धरतात आणि तार पंचमाला, म्हणजे वरच्या सप्तकातील प ला, स्पर्श केला की श्रोते दाद देतात. सोप्रानोचे क्षेत्र साधारणपणे मधल्या पांढरी एकपासून वर दोन सप्तके मानले जाते, म्हणजे आपला तार पंचम जिथे येतो त्याच्याही वर तिला गाण्यासाठी जागा शिल्लक असते. ज्या कानाला त्या उंचीची सवय नाही त्याला ती किंचाळी वाटणे मी समजू शकतो. तरीही लिहिताना 'टिपेचा आवाज' किंवा 'आवाज टिपेला जातो' असे लिहावे. टीप म्हणजे आवाजाची कमाल उंची, आणि तिथे मुद्दाम पोहोचावे लागते. हा शब्द स्तुतीही करीत नाही आणि निंदाही करीत नाही, म्हणून मतलेखनाला तो सर्वांत उपयोगी आहे. फार वेळ टिपेला राहणे कंटाळवाणे होते असे कोणाला वाटत असेल, तर तेही याच शब्दाने नीट सांगता येते.

'गोड' या शब्दावर माझा राग आहे, हे स्पष्टच सांगतो. स्त्रीचा आवाज म्हटला की आपली लेखणी आपोआप 'गोड' लिहिते, मग ती बाई अंगाई गात असो वा रणगीत. 'वन्स'मधील पहिल्याच गाण्यात आवाज आक्रमक आहे, हुकमी आहे. त्याला गोड म्हणणाऱ्याने आवाज ऐकण्याआधीच शब्द ठरवलेला असतो. खणखणीत, भरदार, करारी, धारदार, आर्त, अशी कितीतरी विशेषणे आपण पुरुष गायकांसाठी मोकळेपणाने वापरतो. ती इथे का वापरू नयेत?

वेंगुर्ल्याहून

सरांचे विवेचन फार आवडले. दोन लहान गोष्टींची भर घालते.

पुरुषी, खरवडलेल्या आवाजासाठी काही श्रोते 'खर्ज' लिहितात. खर्ज हा स्वर आहे. मंद्र सप्तकातला, स्थिर आणि साधनेने मिळवलेला. एपिकासारख्या समूहांतील गुरगुराटाला बहुधा निश्चित स्वरच नसतो, त्यामुळे तिथे 'खर्ज' म्हणू नये. 'घोगरा'ही नको, कारण तो घसा बसल्याचे सुचवतो. 'गुरगुर' किंवा दशावतारात राक्षसाच्या प्रवेशाला ऐकू येते ती 'आरोळी' हे शब्द जवळचे आहेत. 'वन्स'मध्ये मात्र हा प्रश्न फारसा येत नाही. तिथे बासवादक मार्को हिएताला यांचा पुरुषी आवाज आहे, तो खरखरीत असला तरी स्वरात गाणारा आहे. त्याला 'भसाडा' म्हणणे अन्यायाचे होईल. 'रांगडा' म्हणावे.

दुसरे म्हणजे समूहस्वरांना कोणी 'झील' म्हटले असेल तर ते तपासून पाहावे. झीलकरी मुख्य गायकाची ओळ उचलून धरतात. या अल्बममधील समूहस्वरांना बहुतेक ठिकाणी स्वतःची वेगळी ओळ आहे, काही ठिकाणी तर गायिका थांबते आणि समूहच गाणे पुढे नेतो. तिथे 'वृंदगान' अधिक योग्य होईल.

मालवणहून, पुन्हा

सर्वांचे मनापासून आभार. आणखी दोन शब्द विचारते. अनेकांनी 'ऑर्केस्ट्रा उत्तम' असे लिहिले आहे, पण आपल्या गावांत ऑर्केस्ट्रा म्हटले की गणपतीत किंवा जत्रेत रंगमंचावर होणारा चित्रपटगीतांचा कार्यक्रमच डोळ्यांपुढे येतो. आणि एका श्रोत्याने गिटारींच्या सलग आवाजाला 'गाज' म्हटले आहे. मला तो शब्द फार आवडला, तरी तो नेमका आहे की नाही याची खात्री वाटत नाही.

रत्नागिरीहून

'वाद्यवृंद'च लिहावे. आकाशवाणीमुळे तो शब्द सर्वांच्या कानावर आहे. या अल्बमच्या वाद्यवृंदाची मांडणी पिप विल्यम्स यांनी केली आहे, तेव्हा 'वाद्यवृंदाची मांडणी' आणि 'वाद्यवृंदाचे वादन' यांविषयीची मतेही वेगळी लिहिली तर चांगले. ज्यांना वाद्यवृंद गायिकेला झाकतो असे वाटते, त्यांची तक्रार खरे तर मांडणीविषयी किंवा ध्वनिमिश्रणाविषयी आहे. वादकांचा त्यात दोष नाही.

गुहागरहून

'गाज'बद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. गाज लांबून येते. किनाऱ्यापासून दूर, घरात निजलेल्या माणसाला रात्री ऐकू येते ती गाज. तिच्यात सातत्य आहे, पण धक्का नाही. या अल्बममधील गिटारी अंगावर येतात, म्हणून त्यांना 'उधाण' म्हणणे मला अधिक पटते. मात्र दहा मिनिटांच्या 'घोस्ट लव्ह स्कोर' या रचनेच्या मधल्या भागात गायन थांबते आणि मंद्रातील तंतुवाद्ये हळूहळू भरत जातात, तिथे 'गाज' हा शब्द अगदी चपखल बसतो. श्रोत्याने त्या जागेसाठी तो लिहिला असेल तर कृपया बदलू नये.

याच रचनेविषयी एक सूचना. २०१३ साली जर्मनीतील वाकेन महोत्सवात फ्लोर यान्सेन यांनी ती गायली आणि ते ध्वनिमुद्रण पुष्कळ श्रोत्यांनी ऐकलेले आहे. त्यामुळे मूळ अल्बमबद्दल लिहिताना मनात दुसरा आवाज मिसळतो. तार्या यांच्या गायनात एकसंध गोलाई आहे, तर यान्सेन खुल्या आवाजातून ऑपेराच्या आवाजात आणि परत अशा जातात. मला दुसरे अधिक भावते. पण आपण मत 'वन्स'बद्दल मागितले आहे, तर श्रोत्यांना आपण कोणते ध्वनिमुद्रण ऐकले हे लिहायला सांगावे.

देवगडहून

सरांशी एका ठिकाणी असहमती नोंदवतो. 'गोड' सरसकट काढून टाकू नये. या अल्बममध्ये एकच गाणे फिनिश भाषेत आहे, त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'मृत्यू कलावंत घडवतो' असा होतो. ते संथ आहे, त्यात टीप जवळजवळ नाही आणि मातृभाषेत गाताना गायिकेचे उच्चार पूर्णपणे मोकळे झाले आहेत. तिथे एखाद्या श्रोत्याने 'गोड' लिहिले तर मी ते राहू देईन.

रत्नागिरीहून

त्या गाण्यापुरते मान्य. तरी मी तिथे 'आर्त' लिहिले असते.

मालवणहून

संकलनात आता असे करते. 'खोटा आवाज' आणि 'किंचाळणे' लिहिणाऱ्या श्रोत्यांना या चर्चेतील सरांचा भाग वाचायला देऊन, मत तेच ठेवून शब्द पुन्हा निवडण्याची विनंती करीन. मी स्वतः त्यांचे शब्द बदलणार नाही. 'मुख्य गायिका असलेला समूह', 'वाद्यवृंद' आणि 'वृंदगान' हे शब्द मात्र सर्वत्र सारखे ठेवीन. फिनिश गाण्याबद्दल दोघा श्रोत्यांनी लिहिले आहे. एकाचा शब्द 'गोड' आहे आणि दुसरीचा 'आर्त', आणि दोन्ही मते शेजारीशेजारी छापते.